गळ अण्णांचा, मासा आयुबभाईंचा

मासे लागत नाहीत तेव्हाच मासे धरायला जायचं, ही खोड मी माझ्या अण्णांखेरीज दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. उन्हाळ्यात मांजरा धरणाच्या फुगवट्याचं पाणी खाली जातं, मासा उथळाला येतो, कळंबच्या आसपासचे सगळे हौशी लोक काठ्या घेऊन काठाला बसतात. तेव्हा आमचे अण्णा दुकानात पंख्याखाली पेपर वाचत असतात. आणि मार्गशीर्ष लागला, उत्तरेचं वारं सुटलं, पाण्यात पाय घातला तर कळ डोक्यापर्यंत जाईल असा गारठा पडला, की हे कानाला मफलर गुंडाळून निघालेच. त्या गारठ्यात मासा तळाशी जाऊन बसतो आणि तोंडसुद्धा उघडत नाही. हे मला, कधी गळाला हातही न लावलेल्या बाईला, ठाऊक आहे. अण्णांना ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं?

अण्णा म्हणजे शांतलिंग, माझे थोरले भाऊ. कळंबच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. मी शिवलीला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सगळी गल्ली मला अजूनही नुसतं 'बाई' म्हणते. आमचे मालक वारल्यावर मी अण्णांच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले. महानंदावहिनी त्याच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ त्यांनाही नाही, मलाही नाही. एका घरात दोन म्हातारी माणसं. एकजण तोंड उघडत नाही आणि एकीचं तोंड मिटत नाही, असं गल्लीतले लोक म्हणतात. म्हणू देत.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात कधी अंडंदेखील आलेलं नाही. अण्णा रोज सकाळी अंघोळ करून गळ्यातलं लिंग काढतात, डाव्या तळव्यावर ठेवतात, विभूती लावतात, बेलाचं पान वाहतात, आणि डोळे मिटून बसतात. त्या वेळी घरात भांडं वाजलेलं त्यांना चालत नाही. भांड्यांचा धंदा करणाऱ्या माणसानं भांडं वाजू नये म्हणावं, हे एक, आणि पूजा आटोपून त्यानं मासे धरायला जावं, हे दुसरं. मी तर कपाळावर हात मारून घ्यायचं कधीच सोडून दिलं आहे.

हे खूळ घरात आणलं आयुबभाईंनी. आमच्या दुकानाच्या पायरीशी बसून ते कल्हई करायचे. पितळेची पातेली यायची, ते भाता फुंकायचे, नवसागराचा पांढरा धूर सगळ्या दुकानात शिरायचा आणि माहेरी आलेली मी आतून खोकत खोकत बाहेर यायचे. पुढं स्टील आलं, कल्हई गेली, आयुबभाई कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला लागले. पायरी मात्र तीच राहिली. अण्णा आत गादीवर, ते बाहेर पायरीवर, आणि मधे दिवसभर दोघांत फार तर पाच-दहा वाक्यं. एवढ्यावर माणसांची दोस्ती कशी टिकते हे मला कधी समजलं नाही. मला तर तासाभरात पाच-दहा वाक्यं कमी पडतात.

वहिनी गेल्या तेव्हा अण्णांनी दुकानाचं शटर वर करायचं सोडलं. सकाळी उठायचे, पूजा करायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी सासरहून येऊन समजावलं, रागावले, रडले. नातेवाईक येऊन गेले. एक दिवस आयुबभाई आले, चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "शांतप्पा, भिंतच बघायची तर चल माझ्यासंगं, पाणी बघ. पाणी निदान हालतं तरी."

अण्णा उठले आणि गेले. कुणाच्याही सांगण्यानं न उठलेला माणूस त्या एका वाक्यानं उठला, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पाणी बघायला म्हणजे मासे धरायला, हे मला नंतर कळलं.

आयुबभाईंना गळाचा लहानपणापासून नाद. जाळं टाकून मासे ओढणाऱ्यांना ते मासेमार म्हणायचे आणि स्वतःला शौकीन. घरी फातिमाबींना कालवणापुरता एखादा मासा न्यायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे, ही त्यांची रीत. पण वर्षानुवर्षं नवसागराचा धूर डोळ्यांत गेलेला. पाण्यावर उभी असलेली मोरपिसाची काडी, जी मासा लागला की बुडते, ती त्यांना दिसेनाशी झाली होती. काडी दिसायला अण्णांची नजर हवी होती. आमच्या अण्णांना या वयातही समोरच्या दुकानावरची बारीक अक्षरं वाचता येतात.

असं त्यांचं जमलं. काडीवर नजर अण्णांची, काठीचा झटका अण्णांचा, मासा काठापर्यंत आणायचा अण्णांनी. तिथून पुढं सगळं आयुबभाईंचं. मासा हातात धरायचा, ओठातून गळ सोडवायचा, पाण्यात सोडायचा किंवा पिशवीत टाकायचा. अण्णांनी माशाला बोटही लावायचं नाही. हा नियम अण्णांचा नव्हे, आयुबभाईंचा. पहिल्याच दिवशी अण्णा मासा धरायला वाकले तेव्हा त्यांनी हात आडवा घातला होता. "ज्या हातावर तुझा देव बसतो, त्याला मासा लागू देऊ नको. काठी तू धर, मासा माझ्याकडं दे."

हे मला कळलं तेव्हा मी आयुबभाईंना पायरीवरच गाठलं. "आयुबभाई, हात लावलेला देवाला चालत न्हाय, आन गळ टाकलेला चालतो व्हय?"

"बाई, देवाला समदं दिसतंय," ते कुकरची शिटी साफ करता करता म्हणाले. "पन हाताला वास तर येनार न्हाय ना सकाळी पूजेला."

मी बोलायचं ते बोललेच, पण त्याचा उपयोग झाला नाही. पुढं कित्येक वर्षं दर शुक्रवारी, नमाज झाली की दोघं मोटारसायकलवरून जायचे. माझ्या डब्यातली कणीक कमी व्हायची, बडीशेप गायब व्हायची, कारण आयुबभाईंचा आमिषाचा गोळा कणीक, पेंड आणि बडीशेपेचा असे; गांडूळ अण्णांना चालत नसे. संध्याकाळी अण्णा परत आले की मी त्यांना मागच्या दारानं घ्यायची, अंगणात बादली ठेवलेली असायची, अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. समाजातले लोक लग्नकार्यात हळूच विचारायचे, "काय शांतलिंगअप्पा, काय लागलं का?" आणि हसायचे. अण्णाही हसायचे. वहिनी गेल्यानंतर त्यांना हसताना मी पाहिलं ते या एकाच विषयावर.

मग फातिमाबी गेल्या. आयुबभाईंचे गुडघे गेले, साखर वाढली, आणि मुलगा माज येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. पोरगा वाईट नाही. एसी दुरुस्तीचं काम करतो, बापाला जपतो. निघताना आयुबभाई पायरीवर बसले, हात टेकून पुन्हा उठले, आणि अण्णांना म्हणाले, "गरमी सुरू झाली की येतो. काठ्या नीट ठेव."

गरमी सुरू झाली, संपली. दुसरी आली, तीही गेली. शुक्रवारी फोन येतो. अण्णा आणि ते फोनवरही तसेच, मधे मधे कितीतरी वेळ दोघं गप्प. मी म्हणायची, पैसे पडत नसले म्हणून काय झालं, बोला तरी काहीतरी.

अण्णांनी उन्हाळ्यात पाण्यावर जायचं सोडलं ते तेव्हापासून, आणि थंडीत जायला सुरुवात केली तीही तेव्हापासून. मी विचारलं तर म्हणाले, "गर्दी नसते." मला पटलं. माणसं नको वाटणं हा आमच्या घराण्यातला जुना आजार आहे, मला तेवढा झालेला नाही.

यंदा मार्गशीर्षात त्यांना खोकला झाला. छातीत घरघर वाजत होती तरी सकाळी सकाळी काठ्या घेऊन निघायचे. दोन्ही काठ्या न्यायचे, स्वतःची आणि आयुबभाईंची. मी दारात आडवी उभी राहून पाहिलं, डॉक्टरांच्या नावानं भीती घालून पाहिलं. शेवटी यळवस आली.

आमच्या भागात यळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या शेतात. आमचं शेत फुगवट्याला लागून आहे. धरणात गेल्यावर उरलं तेवढं. वाटेकऱ्यानं ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली होती, आत पांडवांचे पांढरे दगड मांडले होते. पूजा झाली, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी झाली, बाजरीचे उंडे झाले. ताकातली आंबील प्यायली. पूर्वी या दिवशी आयुबभाई हमखास असायचे. आंबिलीचे दोन-दोन तांबे रिचवून म्हणायचे, "बाई, हे पोटात असताना मला साखर-बिखर काय करत न्हाय." यंदा आंबील उरली. मी ती वाटेकऱ्याच्या घरच्यांना देऊन टाकली.

जेवण झाल्यावर अण्णा काठ्या घेऊन उठले. एरवी ते सकाळच्या गारठ्यात जायचे, पण त्या दिवशी सकाळ पूजेत गेली होती. दुपार टळायला लागली होती. वारं पडलं होतं आणि ऊन चांगलं लागत होतं. मी थर्मास घेऊन त्यांच्या मागं गेले. म्हटलं, आज बघतेच काय करतात तिथं.

काठाला एक बाभळ आहे. तिच्या मुळाशी आयुबभाई टेकून बसायचे. अण्णांनी त्यांची काठी तिथं टेकवून ठेवली, तिला गळ नव्हता. आपल्या काठीच्या गळाला मात्र कणकेचा गोळा लावला आणि दोरी टाकली. मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली. मी दगडावर बसले. आसपास एक माणूस नाही. लांबून कुठल्यातरी शेतातली पोरं ओरडत होती तेवढाच आवाज. मला ती शांतता सोसेना.

"लागत न्हाय तर येता कशाला?" मी विचारलं.

"लागत न्हाय म्हणूनच येतो."

"म्हंजे?"

अण्णा काडीवरून नजर न हलवता म्हणाले, "उन्हाळ्यात आलो आन लागला, तर काढणार कोण?"

मी म्हटलं, "मग गळच लावू नका. नुसती दोरी टाकून बसा."

"असं कसं? ते खोटं झालं."

"तर दुसरं कुणी घ्या संगं. गावात काय मासा काढणाऱ्याला तोटा हाय का?"

"दुसरं कुणी घेतलं म्हंजे त्याची जागा दिली की." मग दोरी जरा ओढून घेत म्हणाले, "त्याला हे माहीत हाय. त्याच्याबिगर माझं अडतंय, हे त्याला माहीत हाय. तेवढ्यावर यील तो."

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. मला बोलायचं होतं ते म्हणजे, अण्णा, त्यांना जिना उतरवत नाही, ते कसले येतात. पण मी इतकी दुष्ट नाही. आणि खरं सांगते, मला त्या वेळी आयुबभाईंचा हेवा वाटला. मी रोज यांना दोन वेळचं करून घालते, औषध देते, पाठीला तेल चोळते. माझ्यावाचून अडतं असं अण्णा कुणाला सांगतील का?

तेवढ्यात काडी बुडाली.

दुपारच्या उन्हानं काठालगतचं उथळ पाणी तापलं असणार आणि कुठलातरी एक भुकेला मासा वर आला असणार. हे मी आता घरी बसून सांगते. तेव्हा मला एवढंच दिसलं की अण्णांच्या हातातला कप खाली पडला आणि सवयीनं त्यांनी झटका दिला. काठी वाकली. अण्णा उभे राहिले, दोरी ढिली सोडली, परत ओढली. खोकला कुठं गेला देव जाणे. त्या वेळी ते मला माझ्या लग्नाआधीच्या वयातले दिसले. मीसुद्धा, लाज वाटते सांगायला, "सोडू नका, सोडू नका" म्हणून ओरडले.

रोहू होता. चांगला हातभर. काठाच्या गोट्यांवर येऊन पडला, शेपटी आपटायला लागला, कल्ले उघडझाप करायला लागला. वरच्या ओठात गळ रुतलेला. अण्णांनी मान वळवून बाभळीकडं पाहिलं. मासा आला की तिथून आयुबभाई उठून यायचे, ती सवय मानेला होती. बाभळीखाली नुसती काठी होती. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" मी उठून दोन पावलं मागंच सरले. "मला न्हाय जमायचं."

अण्णांनी बांधाकडं तोंड करून हाक मारली. वाटेकरी पांगले होते, कुणी ओ दिली नाही. यळवशीच्या दिवशी जो तो आपापल्या कोपीत, काठाला कोण येणार?

"दोरी तोडा," मी म्हटलं. "जाऊ द्या त्याला."

"गळ तोंडात राह्यला तर खाता येत न्हाय त्याला. उपाशी मरतो. आयुब कधी तोडू द्यायचा न्हाय." माशाची शेपटी आता हळू हलत होती.

त्यांनी चप्पल काढल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले. आधी खांद्यावरचं उपरणं माशाभोवती गुंडाळून पाहिलं. मासा गळासकट निसटून उथळ पाण्यात गेला आणि उपरण्याला खवलं चिकटली. मग त्यांनी उपरणं काठावर फेकलं. गळ सोडवायला उजवा हात लागतो, म्हणजे मासा डाव्या हातात धरायला हवा. मी म्हटलं, "अण्णा, डावा न्हाय—"

त्यांनी डावा हात पाण्यात घालून माशाच्या पोटाखाली नेला आणि त्याला उचललं. मासा त्या तळव्यावर गप्प राहिला. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी गळ जरा मागं रेटला, वळवला, आणि तो सुटला. इतक्या सहज सुटला, की अण्णा हातातल्या गळाकडं बघतच राहिले. मग त्यांनी मासा पाण्यात धरून ठेवला, आयुबभाई धरायचे तसा, त्याला दम येईपर्यंत. दम आला तसा मासा हातातून सरकला आणि दिसेनासा झाला.

अण्णा तिथंच गुडघाभर गार पाण्यात उभे होते. मला वाटलं, पापाच्या भीतीनं उभे आहेत. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "पाप न्हाय लागत, अण्णा. तुमी जीव वाचवला त्याचा. घरी जाऊन अंघोळ करा, उद्या जंगमांना विचारू पायजे तर."

"त्याचं न्हाय गं, लीला."

"मग?"

"सोपं हाय की हे," ते म्हणाले. "मला वाटायचं, लई अवघड असतंय. मला येत होतं की."

आणि पाण्यात उभं राहून अण्णा रडायला लागले. वहिनी गेल्या तेव्हाही ते असे रडले नव्हते. मी पदर सावरून तशीच पाण्यात उतरले, दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. पाणी इतकं गार होतं की माझ्या पायांत गोळे आले. दगडावर बसवलं, तर तळवा उघडून त्याच्याकडं बघत म्हणाले, "आता त्याला काय म्हणून बोलवू?"

मी उरलेला चहा थर्मासच्या झाकणात ओतला आणि त्यांना पाजला. काठ्या मी उचलल्या. त्या किती हलक्या असतात हे मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना पुढच्या दारानं घरात घेतलं. त्यांच्याही ते लक्षात आलं नाही. सकाळी पूजेला बसले तेव्हा मी स्वयंपाकघरातून बघत होते. लिंग तळव्यावर ठेवायच्या आधी ते जरा थांबले, मग ठेवलं. रोजच्याइतकाच वेळ पूजा चालली. देवाची काही तक्रार नव्हती असं दिसलं. पण दुकान उघडल्यावर अण्णा गादीवर न बसता पायरीवर जाऊन बसले, गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत. मलाच जाऊन डबे दाखवावे लागले.

मला तेव्हा धास्ती बसली ती शुक्रवारच्या फोनची. अण्णा आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. गिऱ्हाइकाला भांड्याचा पोचा आपण होऊन दाखवणारा माणूस. ते खरं सांगणार. आयुबभाई खूश होतील, शाब्बास म्हणतील. आणि पुढं, शिकलास की, आता माझं काय काम, असं हसत हसत म्हणतील, आणि ते हसणं अण्णांना पचणार नाही. आयुबभाईंनाही पचणार नाही. पुण्यातल्या त्या फ्लॅटमधे, जिथं त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तिथं बसून ते रात्री काय विचार करतील, हे मला न विचारता समजत होतं. मीही नोकरीतून निवृत्त झालेली बाई आहे.

शुक्रवारी फोन आला. अण्णांना एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून आम्ही फोन स्पीकरवर लावतो. आयुबभाईंचा आवाज बारीक झाला होता. माज कामावर गेला, नात मदिहा कॉलेजात गेली, लिफ्ट बंद पडली म्हणून खाली जाता आलं नाही, नमाज घरातच पढली, असं सगळं सांगून झालं.

"यळवशीला पाण्यावर गेलतास?" आयुबभाईंनी विचारलं.

"गेलतो."

"काय लागलं का?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातातली भाजी निवडायची थांबले.

"न्हाय रे," अण्णा म्हणाले. "कुठलं काय."

"एवढं ऊन होतं म्हनं तिकडं, आन लागला न्हाय? लागला असता तर काय केलं असतंस?"

"काय करणार? तसाच राह्यला असता गळाला. मला थोडंच येतंय काढायला."

मग आयुबभाई म्हणाले, "बाई हायत का तिथं? बाई, खरं बोलतोय का ह्यो?"

चौतीस वर्षं मी शाळेत पोरांना खोटं बोललं म्हणून उभं केलं. छड्याही मारल्या. आणि मासे धरण्याच्या या नादाला तर मी जन्मभर नावं ठेवली.

"खरं हाय, आयुबभाई," मी म्हटलं. "म्या होते ना संगं. ह्यांच्यानं काय एक होत न्हाय. तुमीच यायला पायजे."

आयुबभाई हसले. हसता हसता खोकले. त्यांचा खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो.

"हौ, येतो की," ते म्हणाले. "गरमी लागू दे. माजला सांगतो सोडायला." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तोवर तू थंडीतच जात जा, शांतप्पा. उन्हाळ्यात एकटा जाऊ नको."

"न्हाय जात," अण्णा म्हणाले.